एकाच बहिणीची दोन नावं

लेस्टर, इंग्लंड
२० जानेवारी १९७४

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. सभा जोरात असतील अशी मनाची समजूत घातली. आईला पाठवलेला कोट मिळाला का? की तो घालून तूच भाषणं करत फिरतोस?

आता कामाचं. औरंगाबादची माझी नर्सिंगची पदविका इथं मान्य होईना. शिक्षण पुरेसं आहे असं नोंदणी कार्यालय म्हणतं, अडलंय ते नावावर. शाळेच्या दाखल्यावर कचराबाई आणि पदविकेवर सत्यशीला. त्यांच्या हिशेबानं या दोन बाया आहेत. एक मॅट्रिक झाली, दुसरी नर्स. तुला आठवत असेल, नर्सिंगच्या प्रवेशाच्या दिवशी औरंगाबादच्या साहेबांनी नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं होतं. स्वतःचं नाव घ्यायला सरकारची परवानगी कशाला, असं तू इतकं बोललास की वैतागून त्यांनी नवं नाव तसंच लिहून घेतलं. मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला होता.

नोंदणी होईपर्यंत मी नुसती मदतनीस आहे. बेडपॅन धुते, लाद्या पुसते. जिला मी इंजेक्शन द्यायला शिकवलं असतं, ती पोरगी बादली कुठं ठेवायची ते मला सांगते. मार्चअखेर कागद पोचला नाही तर ही जागा जाईल आणि परत यावं लागेल. म्हणून अंबडला जा आणि कचराबाई व सत्यशीला एकच, असं मॅजिस्ट्रेटपुढं शपथेवर लिहून दे.

आईला जपा. वहिनीला जयभीम. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
सत्यशीला


वडीगोद्री, ता. अंबड
१० फेब्रुवारी १९७४

चि. सत्यशीलेस,
अ. उ. आ. व जयभीम.

पत्र पोचलं. कोटही पोचला. आई तो भर उन्हात घालून ओट्यावर बसते, रस्त्यानं जाणाऱ्यानं विचारावं म्हणून. विचारतातही.

तुझं काम मात्र मला पटत नाही. जे नाव टाकलं ते टाकलं. सत्तावन साली, आपण धम्म घेतला तेव्हा, याच गावात चावडीसमोर उभं राहून मी सांगितलं होतं की आजपासून आमच्या घरात कुणी कचरा नाही, कुणी धोंडा नाही. आज गोऱ्यांच्या कचेरीनं डोळे वटारले, म्हणून माझी बहीण कचरा होती असं मी शपथेवर लिहून देऊ? तेही तिकडच्या बादल्या उचलण्यासाठी? इथं दवाखान्यात बाळंतिणीजवळ उभी राहायला नर्स नाही. बैलगाडीत तळमळत बायका अंबडला जातात. आपण शिकलो ते संधी दिसताच गावाकडं पाठ फिरवायला का?

परवाच्या सभेत अध्यक्ष काकासाहेबांनी माझी ओळख करून दिली ती विलायतेतल्या नर्सबाईंचे बंधू म्हणून. मी बी. ए. झालो, इतकी वर्षं तालुका बोलून जागा केला. भाषण संपल्यावर लोक जवळ आले ते तुझा पगार विचारायला. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

नीट विचार कर. रागावू नको, आपलेपणा असू दे.

तुझा दादा,
पुंजाराम


लेस्टर
२ मार्च १९७४

दादा,
जयभीम.

तुझं पत्र दवाखान्याच्या जिन्यात बसून वाचलं. भाषण चांगलं आहे, फक्त समोर सभा नव्हती, मी एकटीच होते.

तू माझ्यावर जळतोस. जळण्यासारखं इथं काय आहे ते सांगते. परवा एका म्हातारीला श्वास लागला. काय करायचं ते मला माहीत होतं, मी पुढंही झाले, तर मला बाजूला केलं. नोंदणी नसलेल्या बाईनं हात लावायचा नाही. भिंतीला टेकून बघत राहिले. मीही जळते, दादा. आईच्या हातची भाकरी रोज खाणाऱ्या वहिनीवर जळते. तुझ्यावर तर फारच. तू तोंड उघडलंस की गाव गप्प बसून ऐकतं, आणि मी तोंड उघडलं की इथले लोक काय म्हणालीस म्हणून पुन्हा विचारतात.

सत्यशीला हे नाव तूच ठेवलंस. मला त्याच नावानं रोग्याला हात लावायचा आहे. मी रिकाम्या हातानं परत आले तर तुला बरं वाटेल का? दुसरं काही लिहू नको, एवढंच लिही.

सत्यशीला


वडीगोद्री
१४ मार्च १९७४

चि. सत्यशीलेस,
आशीर्वाद व जयभीम.

हो. बरं वाटलं असतं.

तुझ्या प्रश्नाला मी जे जे उत्तर जुळवलं त्याचं भाषणच झालं. शेवटी तुझी वहिनी, कांता, म्हणाली की बहिणीला हो की न्हाई एवढंच कळवायचं, त्याला एवढा घसा कशाला फुगवता. मग काल आईला घेऊन अंबडला गेलो.

कारकुनानं आईला विचारलं की घरात मुलीला काय नावानं हाक मारता. आईनं सांगितलं, आमी तर बायडीच म्हनतो. त्यानं लेखणी खाली ठेवली. दोघींचं भांडण मिटवायला आलात आणि ही तिसरी कुठून आणली, म्हणाला. मी बोलायला उठलो, आवाजही लावला. आईनं सदरा ओढून मला खाली बसवलं आणि त्याला म्हणाली, "तिन्ही नावाची लेक एकच हाय. म्या पोटात धरली, मला इचारा." मॅजिस्ट्रेट हसले आणि त्यांनी तिन्ही नावं लिहायला लावली. आईनं अंगठा दिला, मी सही केली. शपथ घेताना कचराबाई हे नाव मोठ्यानं उच्चारावं लागलं. उच्चारलं.

कागद या पत्रासोबत आजच रजिस्टर टपालानं पाठवतोय. उद्यावर ठेवला तर माझा मला भरवसा नाही. अजून आत धुमसतंय, ते तुझ्यापासून लपवत नाही.

नोंदणी झाली की ती बातमी कांताच्या नावानं कळव. आईला पत्र मीच वाचून दाखवीन, पण कांता ते आधी वाचून मला आदल्या दिवशी सांगेल. चेहरा नीट करायला मला तेवढा वेळ लागेल.

तोवर लोभ ठेव, माझ्या लायकीपेक्षा थोडा जास्त.

तुझा दादा,
पुंजाराम