बादली वाजली की दुसरं कडवं

ती. अक्कास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे म्हणून अर्धीच वाकले, उरलेला नमस्कार समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून शेजारी त्यावर घड्याळ लावतात? दोन वर्षांत हिला दोन ओळी खरडायला झालं नाही आणि आज एवढं जाड पाकीट कसं, असं म्हणशील. म्हण. तुझ्या जागी मी असते तर न फोडताच फाडलं असतं. पण तुझा स्वभाव माझ्यासारखा नाही, त्या भरवशावर लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस. चौथीत शाळा सुटली आणि गेली एकवीस वर्षं शाळाच झाडते आहे, म्हणजे शाळेत मी तुझ्या पदवीवाल्या सुनेपेक्षा जास्त काळ काढला.

तर झालं असं की आमच्या शाळेत समूहगान आहे. सव्वीस पोरं आणि एक पेटीवाले सर. सर गरीब माणूस, तीन वर्षं झाली, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर आहेत. यंदा मोठ्या बाईंनी त्यांना सांगून टाकलं की स्पर्धेत अंतिम फेरी गाठलीत तर ठीक, नाहीतर गाण्याच्या खोलीत जुनी बाकं ठेवायची आणि सरांनी दुसरी शाळा बघायची. तेव्हापासून सरांचं जेवण सुटलं. मला काय त्याचं? मला बाकं परवडतात, बाकं गात नाहीत. सराव रोज चारला, सभागृहात, आणि नेमकी तीच माझी फरशी पुसायची वेळ. सर म्हणाले, मावशी, जरा नंतर पुसाल का. मी म्हटलं, माझी पाचची बस तुम्ही थांबवणार का? (हे असं तोंड आहे माझं, तुला ठाऊकच आहे.) शेवटी ठरलं की त्यांनी वर मंचावर गायचं आणि मी खाली पुसायचं. तीन महिने असं चाललं. त्यांचं ते नावेचं गाणं ऐकून ऐकून माझे कान किटले. घरी येऊन मी यांना सांगायची, सव्वीस मांजरं एका पोत्यात घालून आले.

आता नीट वाच, सगळी गोम इथे आहे. त्या गाण्यात पहिलं कडवं संपलं की सगळे एकदम गप्प होतात. नाव थांबली म्हणे. मग सरांनी खूण करायची आणि दुसरं कडवं सुरू. दुसऱ्यानंतर पुन्हा तसंच. सरांचे दोन्ही हात पेटीवर, म्हणून खूण मानेने. पण हा माणूस डोळे मिटून गाणंभर मान हलवतो, त्यातली खुणेची मान कुठली ते पोरांनी कसं ओळखायचं? आणि मी कशी पुसते, तर एका दमात एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत. खांब आला की बादली उचलायची आणि पुढे आदळायची. ठण्ण! बादली म्हणजे आईची, पत्र्याची. हो, तीच. कळतंय ना कुठे चाललंय? पोरं रोज माझ्या बादलीवर कडवं उचलत होती. सरांना वाटे त्यांच्या मानेवर उचलतात. मला तर काहीच वाटत नव्हतं, मी बसच्या विचारात.

स्पर्धेच्या दिवशी मला मुलींवर लक्ष ठेवायला सोबत धाडलं. बसमध्ये कुणाला मळमळलं तर असावी म्हणून बादली बरोबर घेतली. मळमळलं एकीलाच, आणि ती मी. सव्वीस पोरं माझी पाठ चोळत होती. तिथे मोठं नाट्यगृह, उतरती जमीन, अकरा शाळा. मला मागे, वाटेच्या कडेला बसवलं, पायाशी बादली (धुतलेली). दुसऱ्या एका शाळेची लेकरं गात होती आणि पुढे टेबलाशी तीन माणसं आपली कुजबुजतायत. मला कुठला दम निघायला. सरळ खाली गेले आणि म्हटलं, गप्प बसा की जरा, मुलं गातायत दिसत नाही? गप्पा मारायच्या तर घरी मारा. तिघं गप्प झाली. मी मान वर करून परत आले, तर मोठ्या बाई कपाळाला हात लावून बसलेल्या. ती तिघं परीक्षक होती, गुणांचं बोलत होती.

मग आमची पोरं उभी राहिली. पहिलं कडवं असं गायली अक्का, की मी डोळे पुसले. (नाट्यगृहात धूळ फार. कोण झाडतं कोण जाणे.) कडवं संपलं. शांत. सर डोळे मिटून मान हलवतायत. पोरं गप्प. सर आणखी जोरात मान हलवतायत. पोरं आणखी गप्प. लोक खुर्चीत सरसावले. सरांनी डोळे उघडले. सव्वीसच्या सव्वीस पोरं खाली वाकून कुणाला तरी शोधत होती. पुढच्या रांगेतल्या चिमणीला मी दिसले. (नावच चिमणी पडलंय तिचं, एवढीशी आहे.) तिने हळूच हात उचलला आणि काहीतरी जड खाली ठेवल्यासारखा केला. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी बादली उचलली आणि जीव खाऊन आदळली. पोरांनी दुसरं कडवं असं उचललं की छत जातंय की काय.

पण माझं सगळं जास्तच. दुसऱ्या थांब्याला मी बादली आणखी जोरात आदळली आणि तिचं बूड निखळलं. निखळलं ते निखळलं, वर उभं राहून वाटेने चाकासारखं खाली निघालं. आख्खं नाट्यगृह बघतंय, पोरं श्वास धरून थांबलीत, आणि त्या बुडामागे मी, एका हातात बिनबुडाची बादली, दुसरा कमरेवर. बूड गेलं नेमकं परीक्षकांच्या टेबलाशी, तिथे गरगरलं आणि आडवं झालं, ठण्ण. पोरांनी तिसरं कडवं उचललं. मी तिथेच उकिडवी बसून राहिले, उठायला येईना. ज्याला मी दटावलं होतं त्याच परीक्षकाने हात देऊन उठवलं आणि कानाशी म्हणाला, बाई, आता गप्पा घरी, मुलं गातायत.

दुसरा नंबर आला. अंतिम फेरी! परीक्षक म्हणाले, नाव किनाऱ्याला लागल्याचा आवाज फारच कल्पकतेने आणलात, अंतिम फेरीत पुन्हा ऐकायचा आहे. सर होय म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग अंतिम फेरीच्या अर्जात लिहायला त्यांनी मला नाव विचारलं, तीन वर्षांत पहिल्यांदा.

बाकी सगळं ठीक. लहानांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. भांड्यांना डाग देणाऱ्याने हात टेकले, बूड बसत नाही. शाळेच्या प्लॅस्टिकच्या बादलीला पोरं हसतात, सरांच्या घरच्या पितळेच्या बादलीवर कडवं उगाच लवकर उचलतात. आईने दोन बादल्या एकाच पत्र्यातून करून घेतल्या होत्या. वाटणीला मी तमाशा करून चांगली उचलली आणि पोचा पडलेली तुझ्याकडे सरकवली, वर म्हटलं, तुला काय, तुझ्याकडे नळ आहे. आठवतंय मला. तर ती पोच्याची दे. तू तिच्यात कोरफड लावल्याचं कानावर आलंय. कोरफड जपून काढ, तिची काही चूक नाही.

ता. क. दुसरा. खोटं कशाला बोलू. परवा मी दाढ काढायला गेले होते. सरांनी डोळे उघडे ठेवले, हात वर केला आणि पोरांनी दोन्ही कडवी बिनचूक उचलली. सरांनी हे मला खाली बघत सांगितलं. म्हणजे खोली वाचलीच होती, सर वाचले होते, आता बादलीवाचूनही काही अडत नाही. पण अर्जावर माझं नाव पडलंय आणि पोरांसारखे निळे कपडे मी शिवायला टाकलेत. बादली पाठवू नकोस, वाटेत आणखी पोचे पडतील. तूच घेऊन ये. येत्या शनिवारी दहाला अंतिम फेरी, त्याच नाट्यगृहात. मी या खेपेला मंचावर असेन, वाटेच्या कडेची खुर्ची रिकामी आहे.