सुई चालू हाये ना

३ जानेवारी
बुलढाण्यात आले. घाट चढून एसटी वर आली तशी हवा गार झाली आणि मला उगीचच हसू फुटलं. खोली छोटी, पण खिडकीत कडुनिंब आहे. एचआयव्हीच्या नव्या औषधाचा अभ्यास चालतो त्या केंद्रात समुपदेशक म्हणून रुजू झाले, तिथल्या डॉ. हिमानींनी उपचारासाठीही माझं नाव नोंदवलं. माझा नवरा, चिंतामण, गेला तो एचआयव्ही माझ्याकडे ठेवून. तेव्हापासून रोजची गोळी चुकवलेली नाही. गोळी विषाणूला वाढू देत नाही, पण तो पेशींत दडून झोपलेला राहतो. इथे गोळीच्या जोडीला सुई देतात. सुई प्रतिकारशक्तीला हलवून उठवते, दडलेला बाहेर येतो, मग त्याला गाठायचं. आज पहिली सुई घेतली. डावा दंड दुखतोय. दुखू दे.

९ जानेवारी
जमीला भेटली. लोणारची, शिवणकाम करते, केंद्रात सुई घ्यायला येते. नवरा अब्दुल गनी याच आजारात गेला. मुलीचं, मलिहाचं, लग्न ठरलंय. कुणाला कळू नये म्हणून जमीला गोळ्यांच्या डबीत कापूस कोंबते, म्हणजे एसटीत खुळखुळत नाही. मीही तेच करते, म्हटल्यावर दोघी हसलो. मुलीला निरोप देताना आपल्या पायावर उभं असावं, एवढंच तिचं मागणं. ते पुरं करायचंच.

२१ जानेवारी
वैताग. जमीलाने गोळ्या बंद केल्या. "सुई चालू हाये ना ताई, मंग गोळी कायले? ताकद तं सुईतच राह्यते." इथे बहुतेकांचं हेच, गोळी म्हणजे खडू, सुई म्हणजे खरं औषध. घसा बसेपर्यंत सांगितलं, सुई नुसती उठवते, उठलेल्याला आवरते ती गोळीच. तिने मान डोलावली. आमचे शिपाई गुलाबराव म्हणाले, "मॅडम, तुमी भिंतीले सांगून राह्यल्या."

२८ जानेवारी
लोणारला गेले. जमीला वाळलीय, अंगात ताप. म्हणाली, अब्दुल गनी भरदुपारी दाराबाहेरून हाक मारतात, गोळी खाऊ नको म्हणतात. त्यांच्या सांगण्यावरून तिने डबी तळ्यात टाकली. डॉ. हिमानींना फोन केला. म्हणाल्या, सुईचा ताप असेल, सोमवारी आणा. गोळ्यांचा साठा वरून आलेला नाही. सोमवारपर्यंत काय करायचं? माझी डबी काढून तिच्या हातात ठेवली. सगळी. माझे दोन-चार दिवस चुकले तर काय होतंय! हेच वाक्य रोज लोकांच्या तोंडून ऐकून मी चिडते.

३१ जानेवारी
जमीलाचा फोन. गोळ्या सुरू आहेत, ताप उतरला, मलिहाच्या ओढणीला जरीचा गोटा लावतेय. "चूप झाले ते, ताई." किती बरं वाटलं.
दुपारी जिन्यात कुणी खोकलं. दोन आखूड, एक लांब. चिंतामण असाच खोकायचा.

२ फेब्रुवारी
साठा नाही. आता गुरुवार म्हणतात. कुणाकुणावर ओरडू? सरकारी दवाखान्यात मिळतील म्हणून निघाले. जिन्यातूनच परत आले. का, ते आठवत नाही.

३ फेब्रुवारी
ताप. हाक येते. "वसू." हे नाव त्याच्याशिवाय कुणालाच —
सगळी डबी का दिली मी? अर्ध्या ठेवता आल्या असत्या. तेव्हा वाटलं, मनच सांगतंय, देऊन टाक. पण मन मला वसू म्हणत नाही —

४ फेब्रुवारी
जमीला आलीय. लोणारहून, एसटीने. दार बडवतेय. "उघडा ना वो ताई! अर्ध्या गोळ्या तुमच्यासाठी आनल्या." डबी खुळखुळतेय. कापूस काढलाय तिने, मला ऐकू यावं म्हणून. एसटीभर लोकांनी ऐकलं असेल.
उघडायचंय. तो नको म्हणतो.
दाराशी बसून लिहितेय. जमीलाचा आवाज बाहेरून येतो. त्याचा — बाहेरून नाही. दंडातून. सुईच्या जागेतून —
कडी काढायला डावा हात लावला होता. केव्हाचा. काढत नाहीये तो — धरून ठेवलीय त्याने — जमीला, जाऊ नकोस, मी उजव्या हा