सोललेली साल

३ फेब्रुवारी

ती. दादा आणि वहिनी,
दोघांना शि. सा. न.

रोपवाटिकेच्या चिखलात हात माखलेल्या आपणा तिघांचं गाऱ्हाणं एकच आहे. बाबांनी कलमांची सगळी विद्या बोटांत ठेवली, कागदावर एक ओळ उतरवली नाही. आता अर्धांगवायूने वाचा गेली. विचारायचं कुणाला? मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवताना वर्ग दणाणून सोडले, पण माझ्या हातचं एक कलम जगलं असेल तर शपथ!

बाबांचं आणि त्यांच्या संत्र्याचं कळवा. आपली सगळी कलमं त्याच झाडाच्या काड्यांची. आईबरोबर लावलेलं ते झाड हा बाबांचा अर्धा जीव आहे. पाय प्लास्टरमध्ये नसता तर मीच येऊन थडकले असते. वहिनी, दादाला लिहायला बसवाच.

माया आटू देऊ नका.
तुमची छोटी

१२ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक तुझ्या पायाला.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी म्हणाली, वन्सं पत्रातही माइक धरूनच बोलतात. असो. बातमी गोड आहे. संत्रं यंदा असं लगडलंय की फांद्यांना टेकू दिलेत. गेल्या वर्षी, बाबा आजारी पडल्यावर पाहिलं, तर झाडाच्या नावाच्या पाटीची तार खोडात रुतली होती. ती काढली आणि चिघळलेली साल वीतभर रुंदीने गोल, सगळीकडून सोलून टाकली. वर रंग फासला. पानं जरा पिवळी आहेत, पण फळं बघ! तुझी पुस्तकं काय म्हणतात यावर?

बाबांचं मात्र कठीण आहे. खुर्ची झाडाजवळ नेली की ओरडतात, बऱ्या हाताने स्वतःचं मनगट आवळून धरतात. संत्रं सोलून दिलं तर भिरकावलं. डॉक्टर म्हणतात, या आजारात चिडचिड होतेच. म्हणून खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवतो. आता गप्प असतात.

लोभ आहे तसा राहो.
तुझा दादा

१७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. पुढचं एका दमात वाच.

विझणारा दिवा मोठा होतो, तशी ही फळं आहेत. मुळांचं पाणी लाकडातून वर चढतं, म्हणून झाड अजून हिरवं आहे. पण पानांनी रांधलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, आणि ती वाट तू गोल कापून टाकलीस. अन्न वरच तुंबलं, म्हणून फळं लगडली. खाली मुळं वर्षभर उपाशी आहेत. ती मेली की पाणीही थांबेल. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. तुला काय बोलू? मीही वर्षभर फिरकले नाही.

आणि बाबा चिडत नव्हते रे! मनगट आवळून ते तुला खोड दाखवत होते. अख्ख्या घरात खरं सांगणारा एकच माणूस, आणि त्याचं तोंड आपण रस्त्याकडे फिरवलं!

एक आशा आहे, तीही अर्धी. त्याच झाडाच्या बोटभर जाड काड्या घ्यायच्या आणि जखमेवर पुलासारख्या बसवायच्या, एक टोक खालच्या सालीत, दुसरं वरच्या. काडी उलटी बसली तर फुकट, कारण झाडाला वर-खाली कळतं. हे सगळं मला पाठ आहे, पण चाकू किती खोल घालायचा ते मला ठाऊक नाही, तुलाही नाही. नवी कलमं बांधून ही जात कदाचित वाचेल, पण हे झाड आता फक्त एकच माणूस वाचवू शकतो, आणि त्याचा एक हात शाबूत आहे.

म्हणून रडू नकोस, मला उत्तरही लिहू नकोस. हा कागद खाली ठेव, ऊठ, आणि बाबांची खुर्ची झाडाकडे वळव.

तुझी छोटी