सुमीचा हात

जुन्नर, रविवार, दिवेलागणीला

लेकीनं घारापुरीचा बेत पक्का केला. पहाटेची एसटी, मग लाँच, रात्री परत. "आई, तू येनारच हां." मी हो म्हटलं आणि लाँचला किती वेळ लागतो ते दोनदा विचारलं.

लग्नाआधी डिंभे धरणात आमची होडी उलटली, धाकटी बहीण सुमी बुडाली. तिची बोटं माझ्या हातातून निसटली, असं घरी सांगितलं. खरंच निसटली? होडीची कड धरायला मला माझा तो हात मोकळा हवा होता. ती बोटं अजून जाणवतात.

मघाशी लेकीला बोलले, "मी येत न्हाई. तुझ्या मावशीचा हात मीच सोडला व्हता."

वाटलं, उठून जाईल. ती जवळ सरकली. "मावशी दिसायला कशी व्हती गं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. सांगायला गेले, तर चेहराच आठवेना.