नेवेनाची पाणपोई

४ सप्टेंबर
पोचले एकदाची! बसनं हाडं खिळखिळी केली, पण घरमालकीण गिना मावशींनी इथल्या रिवाजाप्रमाणे दारातच भाकरी नि मीठ पुढे केलं आणि शीण पळाला. गावात तापाची साथ आहे. विहिरी-झऱ्यांचं पाणी तपासून तिचा माग काढायचा, हे माझं काम.

फाटकासमोरची, वरच्या झऱ्याचं पाणी नळानं येणारी दगडी पाणपोई मावशींनी मेलेल्या लेकीच्या, नेवेनाच्या, नावानं बांधलीय. पिणाऱ्यानं "देव नेवेनाला क्षमा करो" म्हणायचं, म्हणजे तिची तिकडची तहान भागते. न तपासलेलं पाणी पिऊ नका, असं जगाला सांगणारी मी, ओंजळभर प्यायले आणि गमतीनं स्वतःचंच नाव घेतलं, "देव स्विलेनाला क्षमा करो." पाठीत धपाटा बसला. "जित्या माणसाचं नाव घेतात का गं भवाने? ते मेलेल्यांसाठी असतं." मग भरल्या मिरच्या पोटभर वाढल्या.

९ सप्टेंबर
द्राक्षतोडणी सुरू झाली. शेजारची कालिना मळ्यातून येताना रोज पाणपोईवर थांबते, पाणी पिते, नेवेनाचं नाव घेते आणि मला टोमणा मारते. आज म्हणाली, पाणी किती बघशील, एखादा नवरा बघ. आवडली मला ती.

१५ सप्टेंबर
पाणपोईच्या पाण्यात उंदरांच्या तापाचे जंतू सापडले; गावातली साथ याचीच, आधी घसा दुखतो, मग मान सुजते. वर झऱ्याच्या तोंडाशी उंदीर मरून पडले होते. मावशींना सांगितलं. त्या रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "नळ बंद केलास तर माझी पोर काय पिईल?"

मला बघवेना. झरा साफ करू, पुन्हा तपासू, तोवर वरिष्ठांना कळवत नाही, असं मीच म्हणाले. कुणाला पिऊ देणार नाही, असा मावशींनी शब्द दिला. त्यांनी माझा हात कपाळाला लावला. मला फार बरं वाटलं.

२३ सप्टेंबर
कालिनाला ताप. मान सुजलीय. मावशींनी तिला अडवलंच नव्हतं. डॉक्टर साध्या घसादुखीचं औषध देताहेत. पाण्यात काही सापडलं का, असं त्यांनी मला सरळ विचारलं. निकाल यायचाय, असं मी म्हणाले. खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर मावशींचा नळ आणि माझी नोकरी, दोन्ही गेलं असतं.

२७ सप्टेंबर
शेवटी काल डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच औषध बदललं. उशीर झाला होता. आज कालिना गेली. डॉक्टरांनी माझा निकाल तिच्या कागदांना टाचला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नळाला मी स्वतः सील ठोकलं. मावशी खिडकीतून बघत होत्या.

३० सप्टेंबर
माझीही मान सुजलीय. औषध घेतेय. तहान भागत नाही. नळ कोरडा आहे, पण खालचा दगड ओला. भर दुपारी कुणीतरी घटाघटा पीत होतं. मी गेले. कुणी नव्हतं.

२ ऑक्टोबर
आता दोघी पितात. नेवेनाचा आवाज मी कधी ऐकला नाही, पण दुसरा ओळखते — तोच टोमण्याचा सूर. कालिना, माझं चुकलं गं. माझ्यामुळे तू —

मावशींनी नळाखाली पेला ठेवलाय.

३ ऑक्टोबर
लख्ख ऊन. सील तसंच. पाणी वाहतंय. पेला भरला — आधी एकीनं तोंडाला लावला — मग कालिनानं —

पिऊन झालं की नाव घेतात. नेवेनाचं नाही. कालिनाचंही नाही. देव स्विले —

मावशी, सांगा ना त्यांना, मी अजून जिती आहे, मी अजून —