मामंजी थँक्यू म्हणाले त्याची हकिकत

टापिओला, मिशिगन
रविवार, १७ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप हिल्मा आत्यांना,

तुमच्या भाच्याच्या, म्हणजे डेलच्या बायकोचा, केंड्राचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? डुलुथला बर्फ सुरू झाला का? नाताळच्या कार्डावर तुम्ही नुसती सही करता, त्यामुळे तुमच्या तब्येतीचा अंदाज मला दरवर्षी सहीच्या वळणावरून बांधावा लागतो. गेल्या वर्षी पहिलं अक्षर जरा कापरं वाटलं. डेल म्हणाला, पेन खराब असेल. असेलही. पण मी मुळातच संशयी बाई आहे, हे तुम्ही आमच्याकडे पाच महिने राहिला होतात तेव्हाच ओळखलं होतं (तुम्ही कपाटातले टॉवेल नव्याने घड्या घालून ठेवलेत आणि मी तुम्हाला दोनदा विचारलं, काय शोधताय म्हणून. आता लाज वाटते). इकडे आम्ही सगळे ठीक. ग्रेटा सहा वर्षांची झाली, पहिलीत आहे आणि घर तीच चालवते. लिनस दहा महिन्यांचा आहे. चार दात आलेत, पाचव्यासाठी तो सगळ्या घराला जागं ठेवतो. डेल अजून रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो आणि स्वतःच्या दारातला बर्फ मात्र मला काढायला लावतो. फोनच केला असता, पण तुमच्या घराण्यात फोनवर फक्त हवामान सांगतात, म्हणून पत्र.

तर ठीक असं लिहिलं खरं, पण गेले दोन आठवडे या घरात कुणालाच धड झोप नव्हती, आणि त्याला कारण तुमचे बंधू. झालं असं. मामंजी राहतात आमच्यापासून चाळीस पावलांवर, त्याच जुन्या घरात. रोज संध्याकाळी साडेपाचला येतात, जेवतात, ताटली सिंकमध्ये ठेवतात, टोपी घालतात आणि जातात. दहा वर्षांत माझ्या स्वयंपाकाला मिळालेलं सर्वात मोठं प्रशस्तिपत्र म्हणजे, ‘खाण्यासारखं आहे.’ (तेही माझ्या बाळंतपणात, जेव्हा स्वयंपाक डेलने केला होता.) चार तारखेला सोमवारी मी वाटाण्याचं सूप केलं होतं. मामंजी जेवले, टोपी घातली, दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला, मागे वळले आणि म्हणाले, “थँक्यू.” आणि गेले. डेलचा चमचा वाडग्यात पडला. मी मागे वळून पाहिलं, की माझ्या पाठीशी दुसरं कुणी येऊन उभं राहिलंय का. लिनससुद्धा रडायचा थांबला. फक्त ग्रेटा शांतपणे पाव खात होती, आणि माझ्यासारख्या बाईने खरं म्हणजे तिथेच ओळखायला हवं होतं.

मंगळवारी त्यांनी डेलला थँक्यू म्हटलं, का तर पन्हळीतली पानं काढली म्हणून. बुधवारी टपाल वाटणाऱ्या बाईला म्हटलं. ती बिचारी गाडी उलटी घेऊन माझ्या दारात आली आणि विचारू लागली, तुझ्या सासऱ्यांची, आर्वोंची तब्येत बरी आहे ना? गुरुवारी किराणा दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दाराला म्हटलं. हे डेलने स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि घरी येऊन जेवलाच नाही. डेलचं म्हणणं, बाबांना काहीतरी मोठं दुखणं झालंय, डॉक्टरांनी सांगितलंय आणि ते आपल्यापासून लपवतायत. मी म्हटलं, उगाच काहीतरी मनात आणू नकोस. पण सासूबाई शेवटच्या महिन्यात सगळ्यांचे असेच आभार मानत होत्या. उशी सरळ केली तरी आभार, पडदा ओढला तरी आभार. तो महिना तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलाय. डेल रोज झोपायच्या आधी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून बाबांच्या घरातला दिवा विझेपर्यंत बघत राहायचा, एवढं मात्र खरं.

माझा संशय वेगळा होता. तुम्हाला एल्व्ही रांटा आठवते का, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती? तिचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून रविवारच्या कॉफीला ती मामंजींच्या शेजारी बसते. आता पुरावे बघा. एक, मामंजी आठवड्याच्या मधल्या दिवशी दाढी करायला लागले. दोन, त्यांनी मला विचारलं, “पोरी, माझ्याकडे धड शर्ट कुठला आहे?” (एकही नाही.) तीन, शनिवारी वाफेच्या आंघोळीसाठी साउना चारला पेटतो हे जगजाहीर, तर नऊ तारखेला हे दोन वाजताच तिकडे जाऊन बसले, तेही भट्टी न पेटवता. थंडगार साउनात माणूस कशासाठी बसतो? लपायला, नाहीतर कुणाला तरी भेटायला. मी डेलला म्हटलं, थँक्सगिव्हिंगच्या टर्कीला यंदा एक खुर्ची जास्त लागणार बघ. तो म्हणाला, “केंड्रा, ते म्हातारे आहेत.” मी म्हटलं, “ऑर्गनवालीही म्हातारीच आहे.”

परवा शुक्रवारी, पंधरा तारखेला, हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला. शाळा बंद, दुकानं अर्धी बंद, अख्खा गाव केशरी कोट घालून जंगलात. मामंजींनी एक्कावन्न वर्षांत पहिला दिवस चुकवलेला नाही. आणि सकाळी दहा वाजता बघते तर हे बंदूक खांद्याला अडकवून परत येतायत! ना हरीण, ना काही. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, “काम आहे.” आत्या, तुमच्या भावाला पंधरा नोव्हेंबरला शिकारीपेक्षा मोठं काम? डेल दुपारी परतला, मी त्याला हे सांगितलं, तो कोट न काढता जिन्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, “उद्या मी बाबांना सरळ विचारतो.” पण त्याची शनिवारी ट्रकवर पाळी लागली, कारण रात्रीतून सहा इंच बर्फ पडला होता. म्हणजे विचारायचं काम माझ्यावर आलं.

मी विचारलं नाही. मी पाळत ठेवली. ग्रेटा म्हणाली, आजोबांकडे खेळायला जाते, मी म्हटलं जा. सव्वादोनला लिनसला त्याच्या जाड्या डगल्यात कोंबलं (एक बूट सापडला नाही, त्या पायात डेलचा मोजा चढवला), कडेवर घेतलं आणि बर्फातून साउनाच्या मागच्या बाजूने गेले. आतून मामंजींचा आवाज. हळू, अडखळत. “तू आलीस. कामधंदा सोडून आलीस.”  एल्व्हीचा कुठला कामधंदा? मग एका बाईचा चिरका आवाज आला, “एवढा उशीर का केलास, दगडोबा?” मी म्हटलं, सापडली! आणि दार धाडकन उघडलं.

मामंजी खालच्या बाकावर बसले होते, अंगात लोकरी बंडी आणि तिच्यावर डेलचा लग्नातला टाय. वरच्या बाकावर ग्रेटा. सासूबाईंचा रुमाल डोक्याला बांधलेला, मांडीवर माझी पर्स, आणि चेहरा असा की मला एकदम तुमची आठवण झाली. तिने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, नुसता फोटो पाहिलाय, तरी.

“आई, मध्ये नको येऊस,” ग्रेटा म्हणाली. “आजोबा, पुन्हा पहिल्यापासून. आणि डोळ्यांत बघून. बुटांकडे नाही.”

मी खाली पायरीवर बसले.  मग हळूहळू सगळं कळलं. महिन्याच्या सुरुवातीला शाळेतून एक कागद आला होता: घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारा, तुम्ही कुणाचे आभार मानायचे राहून गेलेत? मी दाताच्या डॉक्टरचं नाव सांगून मोकळी झाले. डेलने खड्ड्यातून ट्रक ओढून काढणाऱ्या माणसाचं सांगितलं. ग्रेटा कागद घेऊन आजोबांकडे गेली. ती सांगते, आजोबांनी पूर्ण कप कॉफी प्यायली, मग दुसरा भरला, तोही प्यायला, आणि मग म्हणाले, “हिल्मा.” ग्रेटा म्हणाली, मग मान ना आभार. ते म्हणाले, येत नाही. (‘मानणार नाही’ असं नाही म्हणाले, आत्या. येत नाही म्हणाले, जसं पोहता येत नाही म्हणतात.) तर आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, मी शिकवते. आधी सोप्या गोष्टी, मग माणसं, मग अवघड माणसं. शुक्रवारचं ‘काम’ म्हणजे हीच शिकवणी. सोप्या गोष्टींत पहिला नंबर माझ्या सूपचा लागला होता. ते मी मनाला लावून घेतलेलं नाही, पण लिहून ठेवते.

तुम्ही परत निघालात त्या दिवशीचं मला आठवतं. सासूबाईंना पोचवून आपण आलो होतो. तुम्ही पाच महिने सोफ्यावर झोपलात, त्यांना न्हाऊ घातलंत, रात्रीची औषधं दिलीत, आणि तिसऱ्या दिवशी बॅग गाडीत ठेवलीत. मी खिडकीत होते. मामंजी गाडीशी आले, तुम्ही काच खाली केलीत, थांबलात. आणि ते म्हणाले, “डाव्या पुढच्या चाकात हवा कमी आहे.” तुम्ही काच वर केलीत. त्याला सात वर्षं झाली.

साउनात मी त्यांना विचारलं, मामंजी, तेव्हा तुम्ही ते चाकाचं का बोललात? त्यांनी टायची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाले, “शब्द होता गं पोरी. तोंडाशी आला होता. बाहेर पडला तेव्हा चाक निघालं.”

 लिनसने तेवढ्यात मोजा काढून पाण्याच्या बादलीत टाकला आणि सगळ्यांची सुटका झाली. संध्याकाळी डेलला सांगितलं, तर तो आधी खूप हसला, मग उठून बाहेर गेला आणि न सांगता दारातला बर्फ काढायला लागला. तब्येतीचं म्हणाल तर मामंजी ठणठणीत आहेत. डॉक्टरचं तोंड त्यांनी तीन वर्षांत पाहिलेलं नाही. एल्व्ही रांटाबद्दल मी जे वर लिहिलं ते मागे घेते, पण पूर्ण नाही. शर्ट कुठला, हे त्यांनी तिलाही विचारलं होतं.

इकडची खबर एवढीच. गुडघ्याला जपा, आणि आम्हा सगळ्यांवर माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
केंड्रा

ता. क. गुरुवारी, अठ्ठावीसला, दुपारी बाराच्या आत या. अठरा पौंडांची टर्की आहे, तुम्हाला आवडते तशी रताळी आहेत, आणि पम्पकिन पाय भाजण्याइतकी अक्कल मला आली आहे. रस्ता वाईट असेल तर डेल आणायला येईल. मामंजींना या पत्राचं काही माहीत नाही, तेव्हा ते बोलायला लागले की कृपा करून चकित व्हा.

आणखी एक. ते तीन वाक्यं म्हणणार आहेत. पहिली दोन आता पाठ झालीत. तिसऱ्याला अडकतात, कालही तीनदा अडकले. ते वाक्य मी इथे लिहीत नाही, त्यांच्याच तोंडून ऐका. मागणं एवढंच, की ते अडकले की तुम्ही मदत करू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, तुम्ही लगेच म्हणाल, जाऊ दे रे आर्वो, कळलं मला. तसं म्हणालात की ते सुटतील, आणि मग ते वाक्य जन्मात बाहेर येणार नाही. कितीही वेळ लागला तरी थांबा. टर्की थंड झाली तरी चालेल.

अजून एक, आणि हे आत्ताच घडलंय. तुमचा पत्ता नीट हवा होता म्हणून मामंजींकडे गेले. काहीतरी थाप मारली, नाताळच्या कार्डांची. त्यांनी पत्ता तोंडपाठ सांगितला, घरक्रमांकासकट. खिशातून तिकीट काढून पाकिटाला स्वतःच्या हाताने चिकटवलं. आणि वर म्हणाले, “लिही, तलावाच्या बाजूच्या रस्त्याने ये म्हणावं. वरच्या रस्त्याला बर्फ फार आहे.” मी घरी आले आणि दारातच थांबले. कारण आत्या, तुमचे बंधू कोंबड्यांच्या खुराड्यालाही आतून-बाहेरून कडी लावणारे. काल त्या साउनाला कडी लावलेली नव्हती. आता मला दाट संशय आहे, की त्यांना तुम्हाला बोलावता येत नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्याकडून बोलावून घेतलं. मी त्यांना तसं विचारणार नाही. तुम्हीही विचारू नका. नुसत्या या.