सात बेकऱ्या आणि भिवापूरचा डबा

महाल, नागपूर
गुरुवार, ३ नोव्हेंबर १९७७

तीर्थस्वरूप गणपतराव यांस,

आनंदरावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात साबणाने तीनदा धुतले आहेत, तरी तुपाचा वास जात नाही. कारण पुढे येईल.)

टण, टण, भप्प.

हा आवाज तुम्हाला आठवतो का? मला कालपासून सारखा ऐकू येतो आहे. पंचेचाळीस वर्षं झाली. तुमच्या बहिणीची पाठवणी करून बैलगाडी स्टेशनाकडे निघाली आणि तुम्ही हौसेने दिलेला पितळी डबा पहिल्याच खड्ड्याला गाडीतून खाली गेला. झाकण वाकलं ते कायमचं. पुढे छोट्या रेल्वेगाडीत बसल्यावर कुसुमने ते उघडायला बांगडीने दोन ठोके दिले, तळावर तळहात मारला, आणि आतून भिवापुरी मिरचीच्या चिवड्याचा असा ठसका उठला की माझ्या डोळ्यांना धार लागली. समोरच्या बाकावरच्या बाया एकमेकींना म्हणाल्या की या लग्नात नवरीऐवजी नवराच रडतो आहे. तेव्हापासून आमच्या घरात काही गोड आलं की टण, टण, भप्प. मुलं या आवाजावर अभ्यासातून उठून यायची.

तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पंधरा दिवस झाले असावेत. डोळ्यावरची हिरवी पट्टी निघाली का? डॉक्टरांनी सांगेपर्यंत वाचन अजिबात करू नका. वहिनींचे गुडघे, गोठ्यातली तांबडी गाय, आणि परसातली सीताफळं यांचंही कुशल कळवावं. इकडे माझी तब्येत उत्तम आहे. पोट थोडं भरल्यासारखं वाटतं, एवढंच. (चाळीस वर्षं तारघरात दुसऱ्यांचे शब्द काटण्यात गेली. त्यामुळे पत्रात मी शब्दांना मोकळं सोडतो, हे तुम्ही जाणताच.)

कुसुम तुमच्याकडे आठ दिवसांपासून आहे. हवापालटाला आले असं तिने सांगितलं असेल. खरं ते असं.

तुम्हाला ठाऊक आहे, दिवाळीआधी आमच्याकडे मैदा, साखर आणि घरचं तूप डब्यात भरून बेकरीत नेतात आणि भट्टीतून नानकटाई भाजून आणतात. या कामाचा नियम एकच. डबा सोडून उठायचं नाही. आपलं तूप आपल्याच पिठात पडतं की नाही ते पाहायचं, आणि भाजलेला माल आपल्याच डब्यात भरून घ्यायचा. यंदा महिला मंडळाच्या शोभाताईंनी नानकटाईऐवजी कागदाच्या वाट्यांतले कपकेक शिकवले, दही-सोडा घालून, बिनअंड्याचे. कुसुमने तुमच्याकडचं तूप काढलं, कागदाच्या वाट्या स्वतः घडी घालून केल्या, आणि सगळं तुमच्या डब्यात भरून मला पाठवलं. इतवारीत आमच्या नेहमीच्या बेकरीपुढे रस्त्यापर्यंत रांग होती. रिक्षावाला अनोळखी होता. म्हणाला, दुसरीकडे नेतो. मी बरं म्हटलं आणि इयत्ता चौथीतली कविता मनात म्हणू लागलो. कोणत्या रस्त्याने गेलो ते पाहिलं नाही. उतरलो तिथे निंबाचं झाड होतं आणि एक बाकडं होतं. पाटीवर काय लिहिलं होतं विचाराल तर, पाटी होती इतकं नक्की सांगू शकतो.

गणपतराव, भट्टी कधी नीट पाहिली आहे का? लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन एक धिप्पाड माणूस ताटं आत ढकलतो आणि बाहेर ओढतो. दोन पावलं मागे, एक पाऊल पुढे. मला त्यात वृत्त सापडलं. मी बाकड्यावर बसून मोठ्याने कविता म्हणू लागलो. तिसऱ्या कडव्यात नेहमीप्रमाणे अडलो, तर शेजारी बसलेल्या चष्म्याच्या एका बाईंनी पुढची ओळ म्हटली. साठीच्या असतील. त्यांच्याही मांडीवर पितळी डबा होता. मग काय, आम्ही चौथीचं पुस्तक संपवून पाचवीचं घेतलं. समासदेखील सुटले नाहीत. फावडेवाल्याने हाक दिली तेव्हा दोघांनी उठून आपापला डबा घेतला, असा आमचा समज झाला. नाव विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

घरी कुसुमने बांगडीचा एक ठोका दिला आणि झाकण निघालं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. तिला वाटलं, मी दिवाळीनिमित्त गुपचूप झाकण ठोकून सरळ करून आणलं. (मी नाही म्हटलं नाही. चूक झाली. पण पंचेचाळीस वर्षांत असं पाहणं चार वेळा वाट्याला आलं आहे.) तिने देवापुढे नैवेद्य ठेवला, मंडळाच्या बायांना बोलावलं, आणि खरोखर, तसला कपकेक मी जन्मात खाल्ला नव्हता. वरून भाजलेला, आत रेशमासारखा. शोभाताई म्हणाल्या की माझ्यापेक्षा तुमचे सरस झाले. कुसुमने याचं सगळं श्रेय भिवापूरच्या तुपाला दिलं. शोभाताईंनी तिसरा उचलला आणि दातांखालून करंगळीच्या नखाएवढं अंड्याचं टरफल काढून बशीच्या कडेला ठेवलं. बाकीच्या बायांनी हातातले कपकेक हळूच बशीत परत ठेवले.

बाया गेल्यावर कुसुमने डबा उलटा करून तळ पाहिला. तुम्ही कोरून घेतलेलं ‘गणपतराव, भिवापूर’ त्यावर नव्हतं. मला वाटलं आता अंड्यावरून बोलणी बसतील. तर ती फक्त एवढंच म्हणाली:

“अंड्याचं देव पाहून घेईल. माझ्या दादाचा डबा कुठं आहे?”

दुसऱ्या दिवशीच्या छोट्या गाडीने ती निघाली. जाताना एवढंच म्हणाली की डबा घरी आला की कळवा, नाहीतर यंदाची दिवाळी भिवापूरला. आज तीन तारीख. नरकचतुर्दशीला पहाटे पाठीला तेल कोण लावणार, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

म्हणून काल तपासाला निघालो. त्या चष्म्याच्या बाईंच्या डब्यात एक कपकेक उरला होता. तो नमुना म्हणून रुमालात बांधून कोटाच्या खिशात ठेवला. विचार असा की प्रत्येक बेकरीचा कपकेक चाखायचा, नमुन्याशी ताडून पाहायचा, आणि जिथली चव जुळेल तिथे निंबाचं झाड शोधायचं. बरोबर नाक्यावरचे नत्थूजी रिक्षावाले. पूर्वी विणकर होते. हात थकले म्हणून आता पाय चालवतो, असं सांगतात. साक्षीदार म्हणून त्यांनीही प्रत्येक ठिकाणी चाखावं असं ठरलं. त्यांनी त्यात कुचराई केली नाही.

इतवारीची बेकरी आपली नव्हे हे माहीत होतं, पण सुरुवात ओळखीच्या दारातून करावी. तिथला कपकेक साधा, सोज्वळ, शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखा. मोमिनपुऱ्यात दोन बेकऱ्या. एकीत वेलदोडा असा की तोंडातून बाहेर आलेला श्वाससुद्धा परत आत घ्यावासा वाटतो. दुसरीच्या म्हाताऱ्या मालकांनी माझी कहाणी ऐकली आणि त्यांचेही डोळे पाणावले. त्यांच्या बेगमचं पानदान असंच लग्नाच्या वऱ्हाडात हरवलं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने ताट ओढून गरम कपकेक दिला. तो हातात घेताच मला शाळेतलं वृत्त सुचलं आणि मी तिथेच म्हटलं:

कपातून डोकावते गोल काया,
जणू पौर्णिमेची पडे मंद छाया.

मालकांनी वाहवा केली. नत्थूजी म्हणाले, “बाबूजी, छायेत थंडा होऊन जाईन तो. खा आधी.”

सदरला एका ख्रिस्ती बाईंची बेकरी आहे. खिडकीला जाळीचे पडदे, आणि कपकेकात मनुका. मनुका एकेक करून सापडतात, विसरलेल्या कवितेच्या ओळींसारख्या. मी तिथे फार वेळ बसलो. घराची, दिवाळीची, डब्याच्या आवाजाची आठवण काढत एकेक मनुका शोधत राहिलो, आणि शेवटी बशीकडे पाहिलं तर सदरचा कपकेक जसाच्या तसा होता. मी रुमाल सोडून नमुना खाल्ला होता.

नत्थूजींनी रुमाल झटकून पाहिला. म्हणाले, “आता काहून फिरून राहिलो आपण? ताडून पाहाले काय उरलं?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, नमुना माझ्या जिभेवर आहे. ते म्हणाले, “तं मंग तोंड बंद ठेवा, पुसून जाईन.”

सीताबर्डीला गुलाबी साखरेचा थर. धरमपेठेत वर एक चेरी, तिच्या एकटेपणाने मला गहिवरून आलं. तिथे एका ट्रकवाल्याने सांगितलं की अमरावती रोडवर, वाडीच्या गोदामांपाशी, निंबाखाली एक बेकरी आहे. नत्थूजी म्हणाले की वाडीले रिक्षा नाही जात, ट्रक जाते. पण गेले. चढावर मी उतरून मागून ढकलत होतो आणि पुढून ते विचारत होते की सवारी कोण आहे. वाडीला निंब होता. बाकडंही होतं. कपकेक मुठीएवढा, ट्रकवाले चहात बुडवून खातात, आणि त्या धुळीत, त्या भोंग्यांत तो इतका गोड लागतो की देवाने ही चव हमालांसाठी राखून ठेवली असावी. पण भट्टीवाला हडकुळा निघाला आणि त्याच्या फावड्याला वृत्त नव्हतं.

सात बेकऱ्या झाल्या. आता मला सगळ्याच चवी ओळखीच्या वाटतात आणि त्या चष्म्याच्या बाईंची चव कोणती हे सांगता येत नाही. नागपूर फार मोठं झालं आहे, गणपतराव. पण एका वाक्यात सांगायचं तर, इतकं प्रेमाने भाजणारं गाव मी या वयात प्रथमच पाहिलं. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
आनंदराव

ता. क. मुख्य काम राहिलंच. तो डबा तुम्ही उमरेडच्या ज्या तांबटाकडून घेतला होता, त्याच्याकडून (किंवा त्याच्या मुलाकडून) हुबेहूब तसाच दुसरा करून घ्यावा, तळाला तेच नाव कोरून घ्यावं, आणि परत येताना बैलगाडीतून एकदा, जमल्यास त्याच खड्ड्यात, खाली टाकावा. झाकण टण, टण, भप्प वाजेपर्यंत टाकत राहावं. मग गाडीच्या गार्डबरोबर गुपचूप पाठवावा. कुसुमला यातलं अक्षर कळता कामा नये.

आणखी ता. क. सात बेकऱ्यांपैकी सहा ठिकाणी अंडं होतं. मी विचारून खाल्लं. हेही तिला कळू नये.

आणखी एक. पाकिटाला डिंक लावायला बसलो आणि आत्ता ध्यानात आलं. तुमच्या डोळ्यांना पट्टी. वहिनींना अक्षरओळख नाही. म्हणजे तुमची पत्रं सध्या कुसुमच वाचून दाखवत असणार.

कुसुम, इथपर्यंत आली असशील तर दादांना सांग, तांबटाकडे जायचं रहित करावं. नकली डब्यावर तू एक ठोका मारताच तुला कळलं असतं, आणि तू मला काही बोलली नसतीस, हे मला सोसवलं नसतं. झाकण मी सरळ केलं नव्हतं. तू तसं पाहिलंस म्हणून गप्प बसलो. डबा सापडला नाही. सापडेल असंही वाटत नाही. घरात गोड आहे, पण उघडताना आवाज होत नाही. डब्यावाचून येता आलं तर ये.

हे टपालात टाकावं की फाडावं, ते ठरत नाही.

बाहेर रिक्षाची घंटी वाजते आहे. नत्थूजी आज काहून आले, वाडी तर कालच झाली. व्हरांड्यात

टण, टण, भप्प.

गणपतराव, खिडकीतून पाहतो आहे. चष्म्याच्या त्या बाई पायरीवर बसल्या आहेत, स्वतःचा डबा परत न्यायला आलेल्या. तळावरचं नाव वाचून त्यांनी थेट भिवापूर गाठलेलं दिसतं. शेजारी कुसुम, मांडीवर तुमचा डबा, नत्थूजींना दही-सोड्याचा कपकेक देते आहे, आणि नत्थूजी तो खात खात तिला कालच्या सातही बेकऱ्या क्रमाने सांगून राहिले आहेत. सदरपर्यंत आले.

कुसुमने मान वळवली. मला लिहिताना पाहिलं. उठून दारात आली आहे. हात पुढे केला आहे, आणि म्हणते आहे:

“दादाचं पत्र ना? ते मीच वाचत असते. आणा इकडे.”